मदत हवी आहे: रियुनियन बेटावरच्या डोंगरवाटा, ज्वालामुखी आणि बाबांचे गुडघे

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरात हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर जायचं ठरतंय. मी, नवरा आणि माझे बाबा. बाबा भूगर्भशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहेत. आपल्या दख्खनचा कातळ ज्या तप्तबिंदूवर (पृथ्वीच्या पोटातून तप्त शिलारस वर येत राहतो ती जागा) घडला, तोच आज रियुनियनच्या खाली आहे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी भारत त्याच्यावरून सरकत असताना इथे लाव्ह्याचे थरावर थर साचले. पुढे भूमी उत्तरेला निघून गेली आणि मागे लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मॉरिशस असा माग उरला. हा नकाशा बाबांनी आयुष्यभर फळ्यावर काढला. आता तिथल्या ताज्या लाव्ह्यावर हात ठेवायचा, एवढीच त्यांची इच्छा आहे आणि ती पुरी व्हावी असं मला मनापासून वाटतं.

अडचण गुडघ्यांची आहे. पाचनईच्या वाटेने हरिश्चंद्रगड ते अजूनही सावकाश करतात. चढाला दम टिकतो, पण उतार सोसत नाही. उंच पायऱ्या आणि घसारा तर अजिबातच नाही.

पितों द ला फुर्नेझ हा तिथला जागता ज्वालामुखी, उंची 2,632 मीटर. गाडी पा द बेलकोंबच्या कड्यापर्यंत जाते, तिथेच 2,311 मीटर गाठलेले असतात. पण वाट सुरू होते ती उतरणीने. कड्यावरून सुमारे 500 पायऱ्या उतरून आंक्लो फुके नावाच्या खोलगट मैदानात जायचं, कातळावरच्या पांढऱ्या खुणा धरून दोलोमियू विवराच्या काठापर्यंत चढायचं आणि परत. सगळे मिळून 5 ते 6 तास धरा, असं सगळीकडे लिहिलंय. शेवटी थकलेल्या पायांनी त्याच पायऱ्या पुन्हा चढायच्या. मला काळजी या शेवटच्या तासाची वाटते.

तर विचारायचं हे, की बाबांना आत उतरवावं का? फॉर्मिका लेओ हा 1753 सालच्या उद्रेकातला छोटा लालसर शंकू पायऱ्या संपल्यावर जवळच आहे म्हणतात. तिथूनच मागे फिरलं तर चालेल? की पायऱ्या टाळून लाव्ह्यापर्यंत पोचायची दुसरी काही सोय आहे?

दुसरं, माफातबद्दल. त्या खोऱ्यात मोटाररस्ताच नाही, गावांना सामान हेलिकॉप्टरने येतं आणि माणसं चालत जातात. नवऱ्याला तिथे एक रात्र राहायचंच आहे. बाबा बरोबर असताना हे कसं जमवावं? आम्ही तिघंही शाकाहारी आहोत.

घळवाट:

बाबांचं वाचून फार बरं वाटलं. हात ठेवायचा असेल तर पायऱ्या उतरायची गरजच नाही. बेटाच्या आग्नेय किनाऱ्यावर ग्रां ब्र्यूले भागात जा. 2007 च्या मोठ्या उद्रेकातला लाव्हा तिथे हमरस्ता ओलांडून समुद्रात गेला. रस्ता पुन्हा बांधलाय. गाडी थांबवा, दोन पावलं टाका की कातळ समोर. त्याच 2007 च्या एप्रिलमध्ये वर दोलोमियूचा तळ खचून विवर 300 मीटरहून जास्त खोल झालं. म्हणजे एकाच घटनेची दोन टोकं बाबा रस्त्याच्या कडेला उभं राहून शिकवू शकतील. पुढे पितों सेंत-रोझ गावात थांबाच. 1977 मध्ये लाव्हा तिथल्या चर्चच्या दारापर्यंत आला आणि भिंतींना वळसा घालून गेला.

कड्यावर मात्र बाबांना जरूर न्या. वरून आख्खं मैदान, फॉर्मिका लेओ आणि मुख्य शंकू दिसतो. पहाटेच पोचा, कारण सकाळ वर चढली की ढग भरून येतात. कड्याजवळच मुक्कामाची सोय आहे, ती घेतलीत तर बरं. सप्टेंबरात पहाटे तिथे चांगलीच थंडी असते. समुद्रकिनाऱ्याच्या हिशेबाने कपडे नेऊ नका.

सडा_आणि_समुद्र:

मी मॉरिशसला नोकरीला असते, त्यामुळे रियुनियनला जाणं होतं. एक राखीव दिवस ठेवाच. हा ज्वालामुखी फार वेळा जागा होतो. हालचाल वाढली की प्रशासन आंक्लोचं फाटक बंद करतं आणि मग आत कुणालाच सोडत नाहीत. तसं झालं तर बुर्ग-म्यूराचं ज्वालामुखी संग्रहालय बघा. बाबा तिथून लवकर निघणार नाहीत!

माफातसाठी बाबांना माइदोच्या कड्यावर न्या. सुमारे 2,200 मीटरवर गाडी जाते आणि सगळं खोरं पायाखाली येतं. नवऱ्याला कोल दे ब्यो खिंडीतून ला नुव्हेलला जाऊ दे. जायला साधारण 2 तास, वाट उतरणीची, परतताना चढ. मुक्कामघर आधी आरक्षित करायलाच हवं. जेवणात भात आणि मसूर किंवा घेवडा असतोच, टोमॅटोची तिखट चटणी, रुगाय, असते. मांसाचं कालवण वेगळं वाढतात, पण आरक्षण करतानाच शाकाहारी सांगून ठेवा. बेटावरच्याच सिलाओस खोऱ्यातली मसूर तर तिथली नामांकित आहे.

धागाकर्ती:

दोघांचे मनापासून आभार. ग्रां ब्र्यूलेचं बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी लगेच नकाशा काढला आणि ‘तिथला लाव्हा पीळदार आहे की खडबडीत?’ हा पहिला प्रश्न विचारला. पुण्याच्या आसपासच्या डोंगरांत त्यांनी पीळदार लाव्ह्याच्या खुणा विद्यार्थ्यांना दाखवल्यात. तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून बघायचंय.

आता बेत असा. पहिले दिवस किनाऱ्याला, ग्रां ब्र्यूले आणि सेंत-रोझ. मग कड्याजवळ मुक्काम. पहाटे नवरा एकटाच विवराकडे जाईल, मी बाबांबरोबर कड्यावर थांबेन. फॉर्मिका लेओचं त्या दिवशी गुडघे बघूनच ठरवू, आणि त्यांनी हट्ट धरला तरी विवराचा काठ नाहीच. राखीव दिवस त्यानंतर लगेच ठेवलाय, म्हणजे फाटक बंद असलं तरी पुन्हा बघता येईल.

एकच राहिलं. माइदोला सकाळी लवकर पोचायचं तर आदल्या रात्री पश्चिम किनाऱ्यावर राहावं की वरच्या गावांत? अंधारात घाटरस्त्याने गाडी चालवलेल्या कुणी सांगितलं तर खोल्या या आठवड्यात ठरवून टाकते.