मदत हवी आहे: अग्निशमन केंद्राचं सोलर आणि पश्चिमेची शटरं

नगरपरिषदेसाठी तीन गाड्यांचं नवं अग्निशमन केंद्र आखतोय. गच्चीवर 10 किलोवॉट सोलर धरलंय: साधारण 100 चौरस मीटर जागा, दिवसाला सरासरी 40 युनिट. अडचण अशी, की साधा ऑन-ग्रिड (वीज कंपनीच्या लाइनला जोडलेला) इन्व्हर्टर लाइट गेली की स्वतःही बंद होतो. म्हणजे ऐन वादळात, झाडपडीचे फोन खणखणत असताना, पॅनेल नुसती शोभेची. म्हणून कंट्रोल रूम, वायरलेस, सायरन, शटरच्या मोटरी आणि गाड्यांचे बॅटरी चार्जर वेगळ्या डीबीवर (वीज वाटपाच्या बोर्डावर) काढून हायब्रिड, म्हणजे लाइट गेल्यावरही बॅटरीवर चालणारा, इन्व्हर्टर लावावा म्हणतोय. बोअरचा पंप मात्र जनरेटरवरच. सुरू होताना तो नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढतो. बॅटरी किती तासांची धरावी? लिथियम परवडेल का?

दुसरं, रस्ता पश्चिमेला असल्याने गाड्यांच्या दारांची शटरं तिकडेच येणार, आणि दुपारनंतरचं ऊन थेट त्यांच्यावर. इन्सुलेटेड (उष्णता अडवणारी) घ्यावीत तर ती जड, उघडायला वेळ लागतो. (हाताची साखळी असणारच, त्यावर चर्चा नको.) समोर खोल छज्जा पुरेल का?

आणि डिझेलचा धूर झोपायच्या खोल्यांत शिरू नये म्हणून टर्बो व्हेंटिलेटर (छतावरचे वाऱ्याने फिरणारे पंखे) चालतील, की सायलेन्सरला जोडून गाडी निघताना आपोआप सुटणारा, धूर बाहेर नेणारा होजच (पाइपच) हवा? असं काम केलेल्यांनी कृपया सांगा.