उभी गाडी पुन्हा सुरू करताना : तेल आणि तुमचे अनुभव

शेजारची मंडळी दीड वर्षानंतर परवा परतली आणि त्यांनी सामान उतरवण्याआधी दारातल्या गाडीला सेल्फ मारला. भिंतीपलीकडून आलेला कोरडा खडखडाट चार-पाच सेकंद टिकला आणि मग इंजिन नीट चालू लागले. मी मात्र हातातले काम तसेच टाकून उभा राहिलो, कारण तोच आवाज मी पूर्वी एकदा ऐकलेला आहे.

वडील गेल्यानंतर त्यांची गाडी चार वर्षे जागेवरून हलली नव्हती. मी नवी बॅटरी बसवली आणि डिपस्टिक काढून पाहिली. तेल वरच्या खुणेपर्यंत होते, म्हणून निर्धास्त झालो. खालच्या चेंबरमध्ये तेल आहे याचा अर्थ ते बेअरिंगमध्ये, कॅमवर (व्हॉल्व उघडणाऱ्या उंचवट्यांवर) आणि सिलिंडरच्या भिंतींवरही आहे असा होत नाही, हे त्या वेळी मला कोणी सांगितले नव्हते आणि मीही कोणाला विचारले नव्हते. गाडी सुरू झाली, पण त्या दिवसापासून मागून निळा धूर येऊ लागला आणि तो थांबलाच नाही. पुढे हेड, म्हणजे सिलिंडरांवरचे झाकण, उतरवले, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरमध्ये पिस्टन ज्या उंचीवर चार वर्षे थांबला होता तिथे गंजाची तपकिरी कड दिसली आणि तिच्यापासून निघालेल्या उभ्या रेघा नखाला लागत होत्या. त्या सिलिंडरचा व्हॉल्व उघडा राहिला होता, त्यामुळे दमट हवा थेट आत जात होती, असे काम करणाऱ्या मेकॅनिकने दाखवून दिले. प्रत्येक सिलिंडरमध्ये आधी चमचाभर तेल सोडले असते आणि इंजिन हाताने फिरवून पाहिले असते, तर ते अडखळताना लगेच समजले असते, हे त्यांचे वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

दीर्घकाळ उभी असलेली गाडी तुम्ही कशी सुरू केलीत, ते कृपया सविस्तर लिहावे.

प्रतिसाद
वडिलांच्या गाडीचे असे झाले, हे वाचून वाईट वाटले. मी नऊ वर्षे उभी असलेली पेट्रोल गाडी सुरू केली आहे, म्हणून क्रम लिहितो. स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारे) काढण्याआधी त्यांच्या भोवतालच्या खाचा हवेने स्वच्छ करून घेतल्या, कारण तिथली माती आत पडली तर तेल सोडण्याचा उपयोगच उरत नाही. त्यानंतर सुईऐवजी बारीक नळी लावलेल्या सिरिंजने प्रत्येक सिलिंडरमध्ये पाच ते दहा मिलिलिटर इंजिन ऑइल सोडले. तेल पिस्टनच्या मधोमध ओतले तर ते तिथेच साचून राहते. ते भिंतीवरून ओघळत पिस्टनभोवतीच्या रिंगांपर्यंत पोहोचायला हवे. रात्रभर तसेच ठेवून दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रलला घेतली आणि क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुलीच्या बोल्टला लांब दांड्याचा पाना लावून, इंजिन ज्या दिशेने चालते त्याच दिशेने सावकाश फिरवले. पहिला पाव फेरा जड गेला, नंतर आतून तेल सरकल्याचा ओलसर आवाज आला आणि हाताला सैलपणा जाणवला.

पुढचे काम तेल वर चढवण्याचे होते. जुने तेल काढून नवे भरले आणि नवा फिल्टर उभा बसणारा असल्यामुळे तो आधी तेलाने भरून मगच लावला. प्लग बाहेरच ठेवले, इग्निशनची जोडणी आणि पेट्रोल पंपाचा फ्यूज काढला आणि दहा-दहा सेकंद सेल्फ मारत राहिलो. मध्ये मिनिट-दोन मिनिटे थांबलो, नाहीतर सेल्फची मोटर तापून जळते. प्लग नसल्यामुळे सिलिंडरमध्ये दाब तयार होत नाही आणि बेअरिंगवर भारही फारसा येत नाही. चौथ्या खेपेस ऑइलचा दिवा विझला, म्हणजे तेलाला दाब आला. त्यानंतरच प्लग आणि फ्यूज जागेवर लावले.

प्रतिसाद
वरची पद्धत योग्य आहे, मात्र तेलाच्या मापाविषयी सावध राहावे, ही कळकळीची विनंती. तेल दाबले जात नाही. पाचशे सीसीच्या सिलिंडरमध्ये कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा वर असतानाच्या किती पट, ते) दहा असेल, तर पिस्टन वर आल्यावर सुमारे 55 मिलिलिटर जागा उरते. डिझेलमध्ये हाच रेशो वीस धरला, तर जेमतेम 26 मिलिलिटर. आमच्या काकांनी डिझेल गाडीत अंदाजाने भरपूर तेल ओतले आणि ते बाहेर न काढता सेल्फ मारला. एका धक्क्यात कनेक्टिंग रॉड वाकला. म्हणून प्लग, आणि डिझेल असेल तर ग्लो प्लग (सिलिंडर तापवणारे), बाहेर असतानाच इंजिन आधी हाताने दोन पूर्ण फेरे फिरवावे आणि मगच सेल्फ मारावा. जास्तीचे तेल भोकांतून जोराने उडते. त्यावर फडके धरावे आणि चेहरा दूर ठेवावा.

प्रतिसाद
मी घाईत लिहीत आहे, कारण मुलांना आणायला निघायचे आहे. आमची गाडी तीन महिने उभी आहे. तिच्यासाठीही प्लग काढावे लागतील का?

प्रतिसाद
तीन महिन्यांसाठी माझ्या मते गरज नाही, कारण एवढ्या काळात बेअरिंगमधील पातळ थर पूर्णपणे जात नाही. तेलाची पातळी पाहावी. गाडी इंजेक्शनची असेल, तर अनेक गाड्यांत ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारल्यावर इंजेक्टर बंद राहतात. तसे दोनदा काही सेकंद फिरवून तेल वर येऊ द्यावे आणि मग पाय काढून नेहमीप्रमाणे सुरू करावी. तुमच्या गाडीत ही सोय आहे का, ते पुस्तिकेत पाहून घ्या. सुरू होताच रेस मात्र करू नका.

या निमित्ताने एक गोष्ट सांगावीशी वाटते. काही जण आठवड्यातून एकदा दोन मिनिटे इंजिन चालवून बंद करतात आणि गाडीची काळजी घेतल्याचे समाधान मानतात. तेवढ्या वेळात तेल तापत नाही, ज्वलनातून तयार झालेले पाणी आणि न जळलेले इंधन मात्र त्यात उतरते. गाडी काढायचीच असेल, तर अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणावी.

प्रतिसाद
मी जहाजावरील इंजिनांवर काम केले आहे. तिथे मुख्य इंजिनाला तेलाचा स्वतंत्र विजेचा पंप असतो. तो आधी चालवून सर्व बेअरिंगना तेल पोहोचल्याची आणि दाब आल्याची खात्री होईपर्यंत इंजिन सुरू करता येत नाही. शिवाय प्रत्येक सिलिंडरचा इंडिकेटर कॉक (बाहेर उघडणारी छोटी तोटी) उघडून टर्निंग गिअरने इंजिन सावकाश फिरवतात आणि त्यातून पाणी किंवा तेल बाहेर येते का, ते डोळ्यांनी पाहतात. तुम्ही पाना लावून जे करता, तेच आम्ही मोटर लावून करत होतो. बहुतेक मोटारींमध्ये तेलाचा पंप इंजिनाच्याच फिरण्यावर चालतो, त्यामुळे पहिले काही फेरे कोरडेच जातात. त्या काही फेऱ्यांची सोय आपणच करायची असते.

प्रतिसाद
कॅम शाफ्टचा उल्लेख अजून कोणी केलेला नाही. तो इंजिनाच्या डोक्यावर असेल, तर तेल त्याच्यापर्यंत सर्वांत शेवटी पोहोचते. म्हणून मी टॅपेट कव्हर उघडून प्रत्येक कॅमच्या उंचवट्यावर तेल सोडते. बाकीचे आपोआप खाली उतरते.

माझ्या जुन्या व्ही-आठ इंजिनात तेलाचा पंप डिस्ट्रिब्यूटरच्या (प्लगांना वीज वाटणाऱ्या भागाच्या) दांड्यावर फिरतो. डिस्ट्रिब्यूटरची जागा खुणेने नोंदवून तो बाहेर काढला आणि पंपाला बसेल असा दांडा ड्रिल मशीनला लावून फिरवला. सुरुवातीला ड्रिल मोकळे फिरते, मग एकदम जड होऊन मनगट ओढते. पंपाने तेल धरले, ते असे समजते. मी कव्हर उघडेच ठेवले होते. पहिल्या रॉकरच्या (व्हॉल्व दाबणाऱ्या दांडीच्या) भोकातून आधी बुडबुडा आणि मग सोनेरी तेल आले. काही रॉकर कोरडेच राहिले होते, म्हणून क्रँक हाताने थोडा थोडा फिरवत सोळाच्या सोळा ओले होईपर्यंत मी ड्रिल चालू ठेवले. त्या अर्ध्या तासाचा आनंद शब्दांत सांगता येणार नाही.

प्रतिसाद
इंजिन पूर्ण जाम असेल, तर घाई अजिबात करू नये. आमचे इंजिन पाना लावूनही हलत नव्हते. गंज सोडवणारे पातळ तेल आणि ऑटोमॅटिक गिअरचे तेल एकत्र करून आम्ही रोज थोडे सोडत राहिलो आणि रोज हलकाच जोर लावून पाहिला. अकराव्या दिवशी पुली केसभर सरकली. तिथे दांडा लांब करून जोर केला असता, तर रिंगा तुटल्या असत्या. जाम गाडी ओढून किंवा ढकलून सुरू करण्याचा सल्ला देणारे भेटतातच. तो मुळीच मानू नये.

आणखी एक : इंजिन सुरू झाल्यावर आतले तेल जळून काही मिनिटे दाट धूर येतो, म्हणून गाडी मोकळ्या जागेत असावी. हायड्रॉलिक (आत तेल भरून काम करणारे) टॅपेट असतील, तर थोडा वेळ टकटक ऐकू येईल. ते भरले की थांबते. ऑइलचा दिवा काही सेकंदांत विझला नाही, तर मात्र लगेच बंद करावी.

प्रतिसाद
धागा मीच काढला आहे. सर्वांचे मनापासून आभार. वडिलांच्या गाडीत नव्या रिंगा बसवल्या, सिलिंडरही दुरुस्त करून घेतले आणि ती आजही माझ्याकडे आहे. पुढील महिन्यापासून ती पुन्हा दहा महिने उभी राहणार आहे, म्हणून या वेळी तेल बदलून, इंजिन पूर्ण गरम करून आणि मग सिलिंडरमध्ये तेल सोडूनच ती झाकायची, असे ठरवले आहे. सिरिंजला लावायची नळी साधारण किती लांब असावी?

प्रतिसाद
प्लगचे भोक किती खोल आहे, त्यावर ते अवलंबून आहे. माझी वीतभरापेक्षा थोडी जास्त होती. आतल्या टोकाला गरम पाण्यात धरून किंचित वाक द्या आणि सोडताना नळी हळूहळू गोल फिरवा, म्हणजे तेल चारही बाजूंच्या भिंतींवर जाईल.