मॅपमधून बनवलेली हिशेबपट्टी नंतर बदलते, असे का?

प्रश्न (पंचवटी, नाशिक)
जावा १७ या प्रोग्रामिंग भाषेत मी कांद्याच्या आडतीसाठी हिशेबपट्टीचा प्रोग्राम लिहीत आहे. लिलाव आटोपला की हमाली, तोलाई आणि वाराई या कपाती एका लिंक्डहॅशमॅपमध्ये (नाव आणि रक्कम अशा जोड्या भरल्या त्याच क्रमाने ठेवणारा मॅप) भरून त्यातून 'पट्टी' हा रेकॉर्ड (ठरावीक फील्डांचा डेटा-प्रकार) बनवतो. रेकॉर्डची फील्डे फायनल असल्यामुळे एकदा बनलेली पट्टी बदलणार नाही, अशी माझी समजूत होती. काल मात्र शेतकऱ्याच्या हातातल्या कागदावर हमाली ४८ रुपये आणि पडद्यावरच्या त्याच पट्टीत ६२ रुपये दिसली, कारण तोच मॅप रिकामा करून मी पुढच्या गाडीसाठी वापरला होता. कन्स्ट्रक्टरमध्ये (पट्टी बनवणाऱ्या कोडमध्ये) मॅपमध्ये बदल करू न देणारे कलेक्शन्स.अनमॉडिफायेबलमॅप लावूनही तेच घडते.

उत्तर (सातपूर)
अनमॉडिफायेबलमॅप नक्कल करत नाही, मूळ मॅपवर फक्त काच बसवते. बाहेरून हात घालता येत नाही, पण आतला माल मूळ मालकाने बदलला की काचेतून बदललेलाच दिसतो. फायनलचा अर्थही इतकाच की ते फील्ड दुसऱ्या मॅपकडे वळवता येत नाही. रेकॉर्डच्या कॉम्पॅक्ट कन्स्ट्रक्टरमध्ये (पॅरामीटरची यादी न देता लिहिलेल्या कन्स्ट्रक्टरमध्ये) 'कपाती = मॅप.कॉपीऑफ(कपाती);' एवढी एकच ओळ लिहावी, म्हणजे मॅपची न बदलणारी वेगळी नक्कल बनते. ही सोय जावा १० पासून आहे.

प्रश्नकर्ता
हमालीचा घोळ मिटला, आभार. परंतु ज्या पट्टीत वाराई नल (मूल्यच नसलेली) असते तिथे आता नलपॉइंटरएक्सेप्शन ही चूक येते, आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला की कपातींचा छापील क्रमही बदलतो.

उत्तर (सिन्नर)
दोन्ही गोष्टी कॉपीऑफच्या स्वभावातल्याच आहेत: त्याला की (कपातीचे नाव) किंवा व्हॅल्यू (रक्कम) नल चालत नाही आणि क्रमाची तो हमी देत नाही. लागू नसलेली कपात मॅपमध्ये घालूच नये, हे उत्तम. क्रम हवा असेल तर कन्स्ट्रक्टरमध्ये आधी नवा लिंक्डहॅशमॅप करून त्यात कपाती उतरवून घ्याव्यात आणि मग त्या नकलेवर अनमॉडिफायेबलमॅप लावावे. त्या नकलेचा पत्ता बाहेर कोणाकडेच नसल्यामुळे आता तीच काच पुरते. रकमा बिगडेसिमलमध्ये (अचूक दशांश संख्यांच्या प्रकारात) असतील तर काळजी नाही, कारण ते मूल्य स्वतःच बदलत नाही. व्हॅल्यू म्हणून लिस्ट असेल तर तिच्यावरही लिस्ट.कॉपीऑफ लावावे लागेल.

वजन आणि भावही मॅपमधूनच येत असतील तर ते मात्र रेकॉर्डची स्वतंत्र फील्डे करावीत, आणि मॅप वाचणाऱ्या स्टॅटिक मेथडमध्ये प्रत्येकाला ऑब्जेक्ट्स.रिक्वायरनॉननल (मूल्य नल असल्यास लगेच चूक दाखवणारी तपासणी) लावावे. 'वजन'ऐवजी कोणी 'वजण' टाइप केले, तर पट्टी बनतानाच प्रोग्राम थांबेल.