पेठेची ईर्षा काढून टाकली, तर शाहू स्टेडियमवर उरेल काय?

गॅलरीतला

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम आला की एक मागणी हमखास वर येते. मंगळवार पेठ विरुद्ध शिवाजी पेठ अशी मॅच असली की प्रेक्षकांना आत सोडू नका. परवा एका शहाण्याने त्याच्याही पुढं जाऊन सुचवलं की संघांची तालमींची नावंच काढा, प्रायोजकांची द्या, म्हणजे पेठेचा संबंध तुटेल आणि भांडणं मिटतील. माझा याला विरोध आहे. का ते सविस्तर लिहितो. माझी तालीम कुठली ते सांगणार नाही. नाव कळलं की निम्मे लोक पुढचं वाचत नाहीत.

कोल्हापूरबाहेरच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडं फुटबॉल तालमींनी वाढवला. जिथं लाल मातीत कुस्ती चालायची, त्याच तालमींनी चेंडू हातात, म्हणजे पायात घेतला. पाटाकडील, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावं इथल्या पोराला शाळेच्या आधी पाठ होतात. कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आमची केएसए, स्वातंत्र्याच्या आधीपासूनची. तिच्या वरच्या लीगला सोळा संघ, आणि लीग संपली की मे-जूनपर्यंत चषकांमागून चषक.

आमच्या घरातच दोन पेठा होत्या. आत्या शिवाजी पेठेत दिलेली, आम्ही मंगळवारात. एरवी आत्याचे यजमान आमच्याकडं आले की वडील स्वतः उठून पाट मांडायचे. मॅचच्या आदल्या आठवड्यात मात्र येणं-जाणं बंद. कुणी बंद केलेलं नव्हतं, आपोआप व्हायचं. एका वर्षी त्यांच्या संघानं आम्हाला टायब्रेकरवर हरवलं आणि तासाभरात आत्याचा थोरला पोरगा दारात हजर, हातात पेढ्यांचा पुडा. "बाबांनी दिलाय." वडिलांनी पुडा घेतला, "बरं" म्हणाले आणि आत जाऊन झोपले. संध्याकाळी सहाला! पेढे आजीनं संपवले. तिला डॉक्टरांनी साखर बंद केली होती.

पुढच्या हंगामात आम्ही जिंकलो तेव्हा वडिलांनी पेढे नाही, जिलेबी पाठवली. किलोभर, आणि ती द्यायला मला. मी आत्याच्या गल्लीत शिरलो तेव्हा कट्ट्यावरच्या पोरांनी मला हात लावला नाही, पण शंभर पावलांची ती गल्ली आपोआप लांबत गेली. आत्यानं जिलेबी ठेवून घेतली आणि मला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

एप्रिलच्या उन्हात चारच्या मॅचला दोनलाच जाऊन बसायचं. तापलेल्या पायऱ्या, डोक्यावर टॉवेल, खिशात शेंगदाणे, खाली हलगी. आमच्या मागं एक म्हातारे बसायचे, ते मॅचभर एक शब्द बोलायचे नाहीत. गोल झाला की उठून टोपी काढायचे, परत घालायचे आणि बसायचे. गोल कुणाचा झाला याच्याशी त्यांना घेणं नव्हतं. ते कुठल्या पेठेचे ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता सांगा, "अमुक सिमेंट विरुद्ध तमुक मसाले" अशा मॅचला दोनच्या उन्हात कोण बसेल?

स्टेडियमशेजारी

दादा, पेढे-जिलेबीचं छान लिहिलंय. वाचताना मलाही हसू आलं. पण तुम्ही गॅलरीतून लिहिताय आणि मी गॅलरीच्या बाहेरून. माझं घर स्टेडियमच्या मागच्या बाजूला आहे. मोठी मॅच असली की सकाळीच दुचाकी जावेच्या दारात नेऊन लावते, दुपारनंतर दाराला आतून कडी. मॅच सुटल्यावर पहिली दहा मिनिटं फक्त ओरडणं असतं. पुढं काय होणार ते त्या दहा मिनिटांच्या आवाजावरून कळतं. आमच्या गल्लीतल्या गाड्यांच्या काचा जिंकल्यावरही फुटल्यात आणि हरल्यावरही.

याहून मोठी गोष्ट सांगते. आमच्या शेजारचा पोरगा पोलिस भरतीची तयारी करायचा. पहाटे पाचला उठून पळायचा. एका मॅचनंतरच्या दंग्यात त्याचं नाव आलं. दगड त्यानं मारला का, देव जाणे. पण गुन्हा नोंद झाला की चारित्र्य पडताळणीत अडकतंय हे आपल्या जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. आज तो भाड्याचा टेम्पो चालवतो. ज्यांच्यासाठी तो गॅलरीत घसा फोडायचा, त्यातलं कुणी जामिनाला आलं नाही.

त्यामुळं "ईर्षा हाच आमचा प्राण" असं कुणी म्हटलं की मी विचारते, कुणाचा?

राखीव_खेळाडू

ताईंना पूर्ण पाठिंबा, पण माझं कारण वेगळं आहे. मी यातल्याच एका संघाकडून काही हंगाम खेळलोय, बहुतेक बाकावर.

प्रेक्षकाला ईर्षेची मॅच म्हणजे सण. खेळाडूला काय असते ते सांगतो. आठवडाभर कोच पासिंग घोटून घेतो. मॅचच्या दिवशी गॅलरी पेटलेली असते, आणि पहिल्या पाच मिनिटांत सगळे चेंडू उंच मारायला लागतात. कारण पास चुकला तर आई-बहिणीपर्यंत जाते, लांब मारला तर टाळी मिळते. मला गुडघ्याचा त्रास सुरू झाला होता, पट्टी बांधून खेळवलं. "ही एक मॅच काढ भावा, मग आराम कर." आराम झाला, कायमचा.

मग परदेशी खेळाडूंचं पर्व आलं. नायजेरियाहून पोरं आणली गेली. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही, त्यातले दोघं-तिघं माझे चांगले मित्र होते, आमच्याकडं तांबडा रस्सा ओरपून गेलेत. पण पेठेतला अठरा वर्षांचा स्ट्रायकर मोठ्या मॅचला बाकावर बसतो आणि वर्गणी मात्र त्याच्याच गल्लीतून गोळा होते, ही कसली पेठेची अस्मिता?

आणि इतकी तालेवार परंपरा, वरच्या लीगला सोळा संघ, भरलेली गॅलरी, तर मोजून किती पोरं देशाकडून खेळली? अनिकेत जाधव २०१७च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताच्या संघात होता. आपण त्याचे फलक लावले. पण तो घडला पुण्यात, क्रीडा प्रबोधिनीत. लहानपणीच इथून बाहेर पडला म्हणून घडला, असं मी म्हणेन.

कूपरेजचा_जुना

मी मुंबईकर, त्यामुळे पेठ-बिठ मला नाही. पण प्रायोजकांची नावं द्या म्हणणाऱ्यांना आमचा इतिहास सांगावासा वाटतो.

महिंद्र युनायटेड. २००५-०६ची नॅशनल फुटबॉल लीग जिंकलेला संघ. २०१० साली कंपनीनं ठरवलं आणि संघ बंद. मुंबई एफसी २००७ला आली, २०१७ला गेली. तुमच्या शेजारच्या पुण्याचं बघा. पुणे सिटी २०१४पासून आयएसएल, म्हणजे इंडियन सुपर लीग, खेळत होती, २०१९मध्ये तिची जागा हैदराबादला गेली. आख्खा क्लब शहर सोडून गेला आणि रस्त्यावर कोण उतरलं? मुंबईच्या कूपरेज मैदानावर मी महिंद्रच्या मॅचेस पाहिल्यात. खेळ उत्तम असायचा. पण संघ गेल्यावर कुणाच्या घरी चूल पेटायची राहिली नाही.

तुमची तालीम बंद करायची म्हटलं तर कुणाची हिंमत आहे? जिथं कुणीतरी हरल्यावर संध्याकाळी सहाला झोपतो, तो संघ टिकतो.

राखीव_खेळाडू

काका, टिकतो हे मान्य. पण कसा? पुण्यातले क्लब बुडाले खरे, तरी असेपर्यंत त्यांच्याकडं वयोगटाचे संघ होते, फिजिओ होता, बाहेरच्या स्पर्धा होत्या. माझा गुडघा तिथं असता तर वेळेत कुणीतरी बघितला असता. तालमी टिकल्या आणि गुडघे गेले.

गॅलरीतला

राखीव भावा, गुडघ्याचं वाचून वाईट वाटलं. पण त्याला ईर्षा जबाबदार की बेफिकिरी? ज्या पेठेत एका चषकासाठी चार दिवसांत पैसा उभा राहतो, त्या पेठेत फिजिओचा पगार निघत नाही असं होत नाही. कुणी मागितला नाही म्हणून निघाला नाही. आणि पैसा उभा राहतो तो समोर शिवाजी पेठ किंवा मंगळवार पेठ उभी असते म्हणूनच. राष्ट्रीय खेळाडू घडवायचे म्हणून वर्गणी मागायला गेलास तर लोक चहा पाजतील आणि "बघू" म्हणतील.

अनिकेतबद्दल मात्र तुझ्याशी अर्धाच सहमत. चेंडूमागं पळायचं वेड त्याला कुठल्या शहरात लागलं?

हुगळीकाठी

पंचवीसेक वर्षं कोलकात्यात आहे, मूळ गडहिंग्लजचा. आमच्या गडहिंग्लजलाही फुटबॉलचं वेड काही कमी नाही, पण ते राहू दे.

इथला मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल सामना १९२५पासून चालू आहे. घटी आणि बांगाल, म्हणजे मूळचे पश्चिम बंगालचे आणि पूर्वेकडून आलेले. मोहन बागान जिंकली तर कोळंबी, ईस्ट बंगाल जिंकली तर हिल्सा. मासेवाल्यांना निकाल आमच्या आधी कळतो की काय असं वाटावं, असा भाव चढतो. १३ जुलै १९९७ला फेडरेशन कपच्या सेमीफायनलला सॉल्ट लेक स्टेडियमवर १,३१,७८१ माणसं होती. बायचुंग भुतियानं तीन गोल मारले, ईस्ट बंगाल ४-१. त्या मॅचला मी नव्हतो, पण इथल्या प्रत्येक पन्नाशीच्या माणसाचं ऐकलं तर तो होता.

पण दुसरी तारीख १६ ऑगस्ट १९८०. ईडन गार्डन्सवर हाच सामना. मैदानात दोन्हीकडचा एकेक खेळाडू बाहेर काढला गेला आणि गॅलरीत दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांवर धावले. चेंगराचेंगरीत सोळा जण गेले. घरून मॅच बघायला गेलेली माणसं. इथं अजून दरवर्षी त्या तारखेला त्यांच्या आठवणीत रक्तदान होतं.

सामना मात्र बंद झाला नाही. नावंही कुणी बदलली नाहीत. ऑगस्ट २०२४मध्ये आर. जी. कर रुग्णालयातल्या डॉक्टर मुलीच्या हत्येनंतर शहर पेटलं होतं आणि ड्युरँड कपमधला हा सामना प्रशासनानं रद्द केला. त्या संध्याकाळी दोन्ही क्लबांचे समर्थक स्टेडियमबाहेर एकत्र आले. ईस्ट बंगालच्या लाल-पिवळ्या शर्टवाल्याच्या खांद्यावर मोहन बागानचा हिरवा-मरून शर्टवाला, आणि घोषणा एकच, न्याय द्या. पोलिसांनी लाठ्या चालवल्या तेव्हा कोण कुठला ते बघितलं नाही. शंभर वर्षांची ईर्षा नसती तर एका हाकेत तेवढी माणसं जमली नसती, असं माझं मत.

स्टेडियमशेजारी

हुगळीकाठीदादा, तुम्ही दोन्ही तारखा सांगितल्यात, पण वाचणारे २०२४ची उचलतील आणि १९८०ची सोडतील. गॅलरीतल्यांचं नेहमी असंच असतं.

मला इतकंच विचारायचंय, आपल्याकडं सोळा जायची वाट बघायची का? मी मॅच बंद करा म्हणत नाही, नाव बदला असंही म्हणत नाही. सिमेंट-मसाल्याची कल्पना मलाही खुळचट वाटते. पण मिरवणुकीला गुलाल लागतो तेव्हा तालीम आमची, आणि काच फुटली की "ती बाहेरची पोरं होती". हे चालणार नाही. हंगामाच्या आधी प्रत्येक तालमीनं अनामत ठेवावी. नुकसान झालं की त्यातून भरून द्यावं, वर त्या संघाचे गुण कापावेत. गुण कापले जातील म्हटल्यावर कट्ट्यावरचे मोठे आपोआप पोरांचे कान धरतील.

पेठेबाहेरचा

धाग्यावरही दोन गॅलऱ्या झाल्या. मध्ये पोलिस उभे करा कुणीतरी.

राखीव_खेळाडू

गुण कापायला माझा विरोध आहे, ताई. मैदानात घाम गाळणार अकरा जण आणि गॅलरीतल्या एका दगडासाठी त्यांची लीग जाणार? उलट समोरच्या पेठेचा कुणीतरी आमच्या गॅलरीत शिरून दगड मारेल आणि आमचे गुण घालवेल. हसू नका, आपल्याकडं हे होऊ शकतं. अनामत ठीक आहे.

स्टेडियमशेजारी

मग अनामत मोठी ठेवा. इतकी की वर्गणी मागायला गेल्यावर लोक विचारतील, गेल्या वर्षीची कुठं गेली.

गॅलरीतला

अनामतीला मी तयार आहे. आमच्या तालमीच्या बैठकीत हा विषय मांडतो, शिव्या खाव्या लागल्या तरी चालतील. पण प्रेक्षकांविना मॅच याला माझा विरोध आहे तिथंच आहे. रिकाम्या पायऱ्यांसमोर खेळवायचं असेल तर सरावच बघतो की सकाळी, फुकट.

स्टेडियमशेजारी

मांडा. आणि त्या बैठकीत एखाद्या बाईलाही बोलवा. काचा गोळा आम्हीच करतो.