फिलिप ग्लास यांनी आपल्या तालाकडून नेमके काय घेतले?

पिंपळपान :
अमेरिकन संगीतरचनाकार फिलिप ग्लास (जन्म १९३७, बाल्टिमोर) यांच्याविषयी आपल्याकडे एक प्रसंग मोठ्या अभिमानाने सांगितला जातो. पॅरिसमध्ये संगीतशिक्षिका नादिया बुलांजे यांच्याकडे शिकत असताना, १९६५च्या सुमारास, पं. रविशंकर यांचे एका चित्रपटासाठीचे संगीत फ्रेंच वादकांकरिता पाश्चात्त्य स्वरलिपीत उतरवण्याचे काम त्यांना मिळाले. ते नेहमीच्या सवयीने स्वरांचे गट पाडणाऱ्या उभ्या रेघा मारत, रेघेनंतरच्या पहिल्या स्वरावर वादक आपसूक आघात देत, आणि सगळे स्वर सारखे आहेत असे रविशंकर यांचे तबलावादक उस्ताद अल्लारखाँ पुन्हा पुन्हा बजावत. शेवटी ग्लास यांनी रेघाच खोडल्या, तेव्हा कागदावर दोन-तीनच्या गटांची एक अखंड ओळ उरली. त्यावरून त्यांनी निष्कर्ष काढला की पाश्चात्त्य संगीत काळाचे भाग पाडते, तर भारतीय संगीत लहान तुकड्यांची बेरीज करत जाते.

माझ्या मते हा निष्कर्ष उलटा आहे. तीनतालाच्या सोळा मात्रा वादक बसण्याआधीच ठरलेल्या असतात आणि दुगुन, तिगुन, चौगुन (एका मात्रेत दोन, तीन, चार बोल) हा त्या आवर्तनाच्या आतला भागाकारच असतो. नवव्या मात्रेला टाळीऐवजी हात उघडा पडतो तो समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट दाखवण्यासाठी. ग्लास यांच्या संगीतात सम कुठे आहे? ती नसेल, तर या कारकिर्दीचे श्रेय आपण आपल्या तालाकडे ओढून घेऊ नये.

झाकलीमूठ :
शास्त्र म्हणून तुमचे म्हणणे मान्य आहे. परंतु एखाद्या कलावंताने काय घेतले हे ठरवताना त्याला ते परीक्षेत बरोबर सांगता आले असते का, हा निकष मला अपुरा वाटतो. १९६८ची त्यांची ‘१ + १’ ही रचना पाहा : एकच वादक, ध्वनिवर्धक जोडलेली मेजाची फळी, आणि बोटांनी वाजवायचे दोन लहान लयखंड, जे वादकाने आपल्या पसंतीने जोडत जायचे. हा आपला ताल नव्हे, पण रेघा खोडल्या नसत्या तर ही कल्पना त्यांना सुचली असती का? शिवाय बेरीज आपल्याकडे अजिबात नाही असेही नाही. झपतालाचे विभाग २-३-२-३ असेच मोजले जातात, आणि कर्नाटक संगीतात एकेक अक्षर वाढवत किंवा घटवत नेणाऱ्या यती तर प्रसिद्ध आहेत.

पिंपळपान :
झपताल कसाही मोजला तरी तो दहा मात्रांचाच राहतो. यती वाढो वा घटो, तिला शेवटी हिशेब चुकता करावाच लागतो. नाहीतर तिहाई (तीनदा वाजवून समेवर आणायचा तुकडा) फसलेल्या तबलजीसारखी तिची गत होते. ग्लास यांची बेरीज कोणाचेच देणे लागत नाही, आणि माझा आक्षेप नेमका तेवढाच आहे.

रिकामीपेटी :
आपण दोघेही १९६५पाशीच थांबला आहात. १९७६मध्ये दिग्दर्शक रॉबर्ट विल्सन यांच्यासह केलेला सुमारे पाच तासांचा ‘आइन्स्टाइन ऑन द बीच’ हा ऑपेरा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर भरल्या सभागृहात झाला, तरी डोक्यावर कर्जच राहिले आणि ग्लास पुन्हा टॅक्सी चालवू लागले. वयाच्या चाळिशीपर्यंत ज्याने नळजोडणीची कामे केली, तो माणूस भारताचे नाव केवळ शोभेसाठी मिरवत होता, हे मला पटत नाही. रॉटरडॅम शहराने नव्या ऑपेराची मागणी केली, तेव्हा त्यांनी गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतील वर्षे निवडली आणि सगळी संहिता गीतेतून, मूळ संस्कृतात घेतली. तो ‘सत्याग्रह’ १९८०मध्ये रंगमंचावर आला.

त्यातले गांधीजींचे शेवटचे गीत मी पेटीवर वाजवून पाहिले. षड्जापासून वरच्या षड्जापर्यंत सरळ आठ स्वर, आणि रे, ग, ध, नि चारही कोमल. आपल्या मैफलीप्रमाणे हा ऑपेराही भैरवीवर संपतो!

पिंपळपान :
भैरवी थाटाचे स्वर म्हणजे भैरवी राग नव्हे. पाश्चात्त्यांकडे हीच स्वरपंक्ती फ्रिजियन या नावाने शतकानुशतके आहे, तेव्हा ती भारतातूनच आली असे धरण्याचे कारण दिसत नाही. त्यातही आरोह सुमारे तीस वेळा येतो आणि अवरोह एकदाही नाही. केवळ चढत राहणाऱ्या भैरवीला आपल्याकडे कोणी भैरवी म्हणेल का? संस्कृताविषयी तर माझी शंका आणखी मोठी आहे. श्रोत्याला अर्थ कळू नये या बेताने भाषा निवडली असेल, तर गीता तिथे नादापुरतीच उरते.

झाकलीमूठ :
अर्थ न कळता विष्णुसहस्रनाम रोज ऐकणारी घरे आपल्याकडे थोडी नाहीत, त्यामुळे त्या मुद्द्यावर मी गप्प राहणेच बरे. अवरोहाचे मात्र निराळे आहे. त्या गीताचे शब्द चौथ्या अध्यायातले आहेत, ‘बहूनि मे व्यतीतानि जन्मानि तव चार्जुन’ येथपासून पुढचे. पुष्कळ जन्म होऊन गेले, आणि धर्माला ग्लानी येईल तेव्हा मी पुन्हा येईन, असे म्हणणारा स्वर प्रत्येक वेळी खालून नव्याने सुरू होतो. एका जन्माचा अवरोह दुसऱ्या जन्मात कोणी कसा करणार?

पिंपळपान :
हे स्पष्टीकरण मला आवडले, आणि गीतेपुरते ते मी मान्यही करतो. तालाबाबतचे माझे म्हणणे मी मागे घेतलेले नाही. तीसपैकी कोणत्या आवर्तनाला टाळी द्यायची, ते मला अजून सापडलेले नाही.