मध्यपूर्व नक्की कोणाच्या पूर्वेला? (आणि इजिप्त धरायचा की नाही)

रुळापलीकडचा (अंधेरी ईस्ट)
मुलगी सातवीत आहे. सोमवारी शाळेत चार्ट द्यायचाय, 'मध्यपूर्वेचा नकाशा रंगवा', आणि हे तिला शनिवारी रात्री जेवताना आठवलं, दरवेळचंच. बसलो दोघं अ‍ॅटलास घेऊन. सौदी, इराक, जॉर्डन फटाफट झाले. मग इजिप्त आला. मी म्हटलं धर, ती म्हणते बाबा तो तर आफ्रिकेत ना. मग तुर्कस्तान, तिथे तर इस्तंबूल शहरच दोन खंडांत, मधे बॉस्फरसची सामुद्रधुनी, लोक सकाळी फेरीबोटीने खंड बदलून कामाला जातात. मग हा प्रदेश आहे तरी कुठल्या खंडात असं तिने विचारलं आणि माझी बोलतीच बंद.
माझं मत, हा शब्दच फेकून द्यावा. मुंबईत उभं राहून बघा ना, दुबई कुठे? जुहूला सूर्य बुडतो त्या बाजूला. आणि आपण तिला पूर्व म्हणतोय, का तर लंडनवाल्यांना ती पूर्वेला पडायची. सरळ पश्चिम आशिया म्हणा, आपले मराठी पेपर बरेचदा तसंच छापतात, आणि जे आशियात नाही ते बाहेर. इजिप्त आफ्रिका, विषय संपला.

कट्टेकरी (दादर)
विषय इतक्यात नाही संपत साहेब. इजिप्त बाहेर काढलात तर सिनाईचं काय करणार? सुएझच्या पूर्वेचा तो तुकडा भूगोलात आशियात धरतात, राज्य मात्र कैरोचं. आणि १९४८, ५६, ६७, ७३, इस्रायलशी चार युद्धं लढलेला देश, अरब लीगचं मुख्यालय ज्याच्या राजधानीत, तो वगळून तिथलं राजकारण समजावून दाखवा. कोल्हापूर-सांगली वगळून साखर कारखान्यांवर बोलण्यासारखं आहे ते.
दुसरं, दिशेचं. तुम्ही अंधेरी ईस्टला राहता ना? कशाच्या ईस्टला? रुळाच्या. ज्याने त्याने आपण उभे आहोत तिथूनच नाव दिलंय, लंडनवाल्याने दिलं तर एवढं काय बिघडलं.

रुळापलीकडचा
रूळ आमचे आहेत हो. त्या रुळावरून आम्ही रोज लटकत जातो. लंडन आमचं नाही. फरक एवढाच आहे, पण आहे.

मालवणी माणूस (परळ)
दिशा सोडा ओ, पश्चिम महाराष्ट्रात सोलापूर येतं आणि आमचं सिंधुदुर्ग येत नाही, जे की अक्षरशः समुद्रात पाय सोडून बसलंय. कोणी बदललं का नाव? आणि मुंबई सेंट्रल सेंट्रल रेल्वेवर नाही, नवीन माणूस अजून चुकतो.

इतिहासवेडा (ठाणे)
दोघांनाही थोडं थांबवतो. शब्द लंडनचा असं सरसकट नाही म्हणता येणार. तो चालता केला एका अमेरिकन नौदल अधिकाऱ्याने, अल्फ्रेड महान त्याचं नाव, १९०२ साली, आणि त्याच्या डोक्यात होता इराणच्या आखाताभोवतीचा भाग. मग लंडनच्या टाइम्सचा व्हॅलेंटाइन चिरोल, त्याने त्यावर लेखमाला लिहिली आणि हद्द फुगवली, हिंदुस्थानच्या वाटेवर जे जे येतं ते सगळं त्यात. म्हणजे हिशोब हिंदुस्थान सांभाळायचा होता, आपल्यालाच राखायला बांधलेलं कुंपण म्हणा. इजिप्त तेव्हा मुख्यत्वे 'नियर ईस्ट'च्या, म्हणजे जवळच्या पूर्वेच्या गठ्ठ्यात असायचा. तो पुढे सरकला कारण १९३९ मध्ये ब्रिटिशांनी आपल्या मिडल ईस्ट कमांडचं हेडक्वार्टर कैरोत टाकलं. ऑफिस जिथे तिथे प्रदेश!
आणि मुंबईचा संबंध विचाराल तर एडन. आजचं येमेनमधलं. १८३९ ला कंपनीने घेतलं आणि १९३२ पर्यंत त्याचा कारभार मुंबई सरकारकडे होता. वासुदेव बळवंत फडक्यांना काळ्या पाण्याला अंदमानात नाही, एडनला पाठवलं, १८८३ मध्ये ते तिथेच वारले. तेव्हाच्या कागदावर तो मुंबई इलाखा. आता सांगा, एडन कुठल्या प्रदेशात?

कट्टेकरी
हेच तर म्हणतोय मी. प्रदेश कामापुरता असतो. खंड वेगळी गोष्ट.

रुळापलीकडचा
कामापुरता ठीक आहे, पण काम कोणाचं? लष्कराचं काम संपून जमाना झाला, शब्द अजून सातवीच्या चार्टवर. आपल्या परराष्ट्र खात्यातसुद्धा 'पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिका' असा विभाग आहे, मध्यपूर्व नाही. जमतं की.

कट्टेकरी
त्याच खात्यात इराण पाकिस्तान-अफगाणिस्तानबरोबर वेगळ्या विभागात आहे आणि गल्फचा विभाग अजून वेगळा. युनोच्या आकडेवारीतही इराण दक्षिण आशियात, म्हणजे आपल्याच बाकावर. तुमच्या 'पश्चिम आशिया'तून इराण गेला, इजिप्त गेला, वर जॉर्जिया-आर्मेनिया आले. रंगवा आता.

न्हावाशेवा-रिटर्न (मस्जिद बंदर)
एवढं भांडताय म्हणून लिहिते, एरवी वाचूनच सोडते. मी फ्रेट फॉरवर्डरकडे आहे, म्हणजे लोकांचा माल बोटीने पाठवून देणारी कंपनी, बारा वर्षं झाली. आमच्याकडे मिडल ईस्ट हा शब्द फक्त नवीन पार्टी वापरते. 'मॅडम मिडल ईस्टचा रेट द्या.' अहो कुठला? सौदीचंच घ्या, दम्माम असेल तर गल्फ, जेद्दा असेल तर रेड सी, देश एक पण बोट वेगळी, रेट वेगळा, दिवस वेगळे. इजिप्त तर अजून मजा, सोखना बंदर म्हणालात तर रेड सी आणि अलेक्झांड्रिया म्हणालात तर कालवा ओलांडून मेड, म्हणजे भूमध्य समुद्र. एकदा नवीन मुलाने इजिप्त म्हणून सोखनाचा रेट पाठवला, पार्टीला माल हवा होता अलेक्झांड्रियाला, बुकिंग झाल्यावर कळलं. साहेबांनी जे ऐकवलं ते इथे नाही लिहू शकत. तेव्हापासून मी आधी पोर्ट विचारते, देश नंतर. तुमच्या खंडाला आमच्या कागदावर रकानाच नाही.

मालवणी माणूस
ताई एक नंबर 👌

इतिहासवेडा
हे आवडलं. समुद्राच्या बाजूने बघितलं की जमिनीवरचे खंड विरघळतात. तसंही युरोप-आशियामधे समुद्र कुठे आहे, उरल पर्वतावर रेघ मारली ती अठराव्या शतकात, रशिया युरोपात दिसावा म्हणून. खंड हेच एक मान्य केलेलं खोटं.

रुळापलीकडचा
बरं. मग फुटबॉलवाले बरोबर म्हणायचे का? इस्रायल १९९४ पासून 'युएफा'त, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेत. कझाकस्तान २००२ पासून तिथेच, ज्याची अल्माटी चीनच्या सीमेजवळ. जागतिक आरोग्य संघटनेत तर पाकिस्तान आणि सोमालिया 'पूर्व भूमध्य' विभागात! कराचीला भूमध्य समुद्र? प्रत्येकाने कामापुरती रेघ मारली की शेवटी हे होतं. म्हणून म्हणतो, निदान खंडाला तरी चिकटून राहा, पोराला एक काहीतरी पक्कं सांगता येईल.

कट्टेकरी
पक्कं म्हणून चुकीचं सांगायचं?

रुळापलीकडचा
चुकीचं कसं? इजिप्त आफ्रिकेत आहे हे चूक आहे?

कट्टेकरी
आहेच आफ्रिकेत. म्हणून तो मध्यपूर्वेतला नाही हे चूक. मी दादरचा आहे, म्हणून कोकणातला नाही का? गणपतीला कुठे जातो मी?

न्हावाशेवा-रिटर्न
😂 हे मात्र खरं. तिकीट कधीच नाही मिळत पण जातो.

रुळापलीकडचा
(थोड्या वेळाने) हे वाक्य मुलीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, मग मी इजिप्तला दोन रंग देते, आतून पिवळा आफ्रिकेचा आणि बॉर्डर हिरवी. तुर्कस्तानला पण तसंच. सिनाई पूर्ण हिरवा. वर मथळा मात्र माझ्या आग्रहाने 'पश्चिम आशिया आणि शेजार', बाई काय म्हणतात बघू. मी माझ्या मतावर आहे, फक्त 'विषय संपला' एवढं मागे घेतो.
आता अकरा वाजलेत आणि ती सायप्रसवर अडकलीये.

इतिहासवेडा
भूगोलात आशिया, २००४ पासून युरोपियन युनियनमध्ये. निळा द्या, युरोपचा.

रुळापलीकडचा
निळा समुद्राला संपलाय.