मदत हवी आहे: दुसऱ्या गरोदरपणाआधी वजन किती उतरवावं?

उंची १६० सेंमी. पहिल्या गरोदरपणाआधी ५६ किलो, आता ६४. बाळ १४ महिन्यांचं, अजून अंगावर पितं. दुसऱ्याचा विचार पुढच्या वर्षी आहे. मागच्या वेळी १५ किलो वाढले, ते योग्यच होतं म्हणाले. याही वेळी तेवढेच धरायचे का? आणि आधी आठही किलो उतरायलाच हवेत का?

प्रतिसाद १
तेवढेच धरू नका. उंची मीटरमध्ये घ्या: १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६, वजनाला त्याने भागलं की बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा) मिळतो. ५६ किलोला २१.९, ६४ ला २५. नेमका इथेच गट बदलतो. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनच्या २००९ च्या शिफारशीप्रमाणे १८.५ ते २४.९ बीएमआयला ११.५ ते १६ किलो वाढ चालते, २५ ते २९.९ ला ७ ते ११.५. म्हणजे तेच १५ किलो आता साडेतीनने जास्त. (जुळी असतील तर आकडे वेगळे.)

शिवाय दोन गरोदरपणांच्या सुरुवातीच्या बीएमआयमध्ये ३ किंवा जास्त अंकांची वाढ असली, तर रक्तदाब आणि गरोदरपणातल्या मधुमेहाचा धोका वाढतो. मूळ वजन प्रमाणात असलं तरीही. तुमचा फरक ३.१ आहे. तुमच्या उंचीला अडीच किलो म्हणजे साधारण एक अंक, त्यामुळे आठही किलो उतरले नाहीत तरी काळजी नको. ६० वर आलात तरी २३.४ होतो, खूप फरक पडतो.

प्रतिसाद २
अंगावर पाजताना आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा घाई नको. दुधासाठी रोज जास्तीच्या कॅलरी लागतात. उपास केलात तर थकवा येतो, दूधही कमी होऊ शकतं. वजन आठवड्यातून एकदाच, सकाळी, पोट साफ झाल्यावर, त्याच काट्यावर करा. रोजचा आकडा पाण्यामुळे वरखाली होतो, त्यावर जाऊ नका.

खाणं आवरूनही काटा हलत नसेल तर थायरॉईड तपासा, बाळंतपणानंतर ते बिघडू शकतं. मागच्या वेळी साखर वाढली होती का? मग ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी आत्ताच करून घ्या.

एक चूक हमखास होते: बाराव्या आठवड्याला पहिल्यांदा वजन करतात आणि तेच मूळ वजन म्हणून कार्डावर लिहिलं जातं. तोवर किलो-दोन किलो वाढलेले किंवा उलट्यांनी घटलेले असतात, पुढचा हिशेब तिथेच चुकतो. दिवस राहण्याआधीचा आकडा तारखेसकट लिहून ठेवा आणि पहिल्या भेटीत तोच सांगा. पाळी चुकली की वजन उतरवणं थांबवा.